खोक्यावर छापलेला आकडा

६ जानेवारी २००७, शनिवार

आज आ-क्वेइचा फोन आला. तीन वर्षांत नव्या वर्षाचा साधा निरोप नाही, आणि आज बरोबर मी जेवायला बसल्यावर त्याला माझी आठवण झाली. आवाज मधात बुडवलेला. म्हणजे काम होतं.

हा आ-क्वेइ आता तायपेईपासून तासाभरावरच्या शिन-चूच्या एका मोठ्या कंपनीत तपासणी विभागाचा प्रमुख आहे. माझ्या हाताखाली होता तेव्हा डाग द्यायची कांडी उलटी धरून बोटं भाजून घ्यायचा. असो, दिवस फिरतात. त्याला एक वरिष्ठ तपासनीस हवा आहे आणि त्यानं शोधून शोधून कोण शोधलं? वेंग पेइ-युन.

"पण लाय साहेब, तिच्या फायलीत तुमचा शेरा आहे," तो म्हणाला. "'खोटे आकडे लिहिले', असा. आपली चिन-लुआन कंपनी बंद पडल्यावर सगळी कागदपत्रं आमच्या मालकांनी उचलली ना, त्यात तिची फाइलही आली. भरतीवाले अडून बसलेत. तुम्ही एक शब्द बोललात तर ती आत येईल. नाही बोललात तर बाहेरच."

विचार करून सांगतो म्हणालो. भात गार झाला तो झालाच.

विचार कसला करायचा? २००१ साली आमच्या सहा नंबरच्या मदरबोर्डच्या खोक्यावर लाल अक्षरात वेग छापला होता, १५०. तो आकडा मी दिला होता. जानेवारीत स्वतः बोर्ड चालवून, स्वतः सही करून दिला होता. खोकी छापून झाली, माल जहाजावर चढला, आणि जूनमध्ये ही बया अहवाल घेऊन माझ्या टेबलापुढे उभी राहिली: बोर्ड १५० ला टिकत नाही, १३८ च्या पुढे भरवसा नाही. सगळ्या विभागासमोर! वय किती, तर बत्तीस. मी तिला तिथेच सोलून काढली आणि फायलीत शेरा मारला. वर्षअखेरीला तिची नोकरी गेली. त्यानंतर तिला या धंद्यात कुणी उभं केलं नाही, ते माझ्यामुळे नाही, तिच्या स्वभावामुळे.

त्या बोर्डाचा एक नग माझ्या कपाटावर पडून आहे. तो १५० वर सहा तास चालवून दाखवतो आणि मगच आ-क्वेइला नाही म्हणतो. पुरावा हातात घेऊन नाही म्हणण्यात वेगळीच गोडी असते.

९ जानेवारी, मंगळवार

बाल्कनीजवळच्या टेबलावर मांडामांड केली. बायकोनं, मेइ-चाओनं, कंबरेवर हात ठेवून पाहिलं.

"हे भूत परत खाली काढलंस, म्हाताऱ्या? आता जेवायचं कुठे? न्हाणीघरात?"

"आठ दिवसांचं काम आहे."

"चिन-लुआनलाही आठ दिवसांचं काम आहे म्हणून गेला होतास. वीस वर्षं राहिलास."

नंतर तिनं विचारलं म्हणून सांगितलं, की प्रोसेसर आणि मेमरी यांच्यात एक वाट असते. पुस्तकात तिला फ्रंट-साइड बस म्हणतात, आम्ही विभागात नुसतं 'रस्ता' म्हणायचो. रस्त्याच्या मध्यावर एक चिप असते, तिला 'पूल' म्हणायचो. हा रस्ता मुळात १३३ मेगाहर्ट्झचा. त्याचा वेग वाढवला की सगळं यंत्र जोरात पळतं. हौशी लोक जुन्या यंत्रांतून असाच जादा वेग पिळून काढतात, आणि आम्ही खोक्यावर १५० छापलं ते त्यांच्यासाठीच.

"म्हणजे रस्त्यावर गाड्या सुसाट सोडायच्या," ती म्हणाली. "आणि उलटल्या की?"

"उलटत नाहीत. मी तपासलंय."

१३५ ला चालला. १३८ ला चालला. १४१ ला पडदा निळा, यंत्र ठप्प. पुन्हा लावला, पुन्हा निळा.

घाबरायचं कारण नाही. आधी प्रोसेसरचा गुणक खाली आणला. म्हणजे रस्ता जोरात पण प्रोसेसर आरामात. तरीही १४१ ला बंद पडला, म्हणजे प्रोसेसर निर्दोष. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा माझा नियम. पोरांच्या डोक्यात मी तो ठोकून ठोकून बसवला होता. उरली मेमरी. माझ्याकडच्या पट्ट्या भंगार आहेत, नव्या आणाव्या लागतील.

११ जानेवारी, गुरुवार

बाजारात तीन दुकानं फिरलो. इतकी जुनी मेमरी कुणाकडे नाही. तिसरा पोटसुट्या दुकानदार सुपारी चघळत म्हणाला, "आजोबा, तसला माल फक्त वेंगताईकडे. मागच्या गल्लीत, जिन्याखाली. प्रत्येक पट्टी स्वतः तपासून देते. भांडते फार, पण माल चोख."

आजोबा! माझे केस रंगवायचे राहिलेत म्हणून काहीही बोलायचं.

परत फिरणार होतो. पण दुसरीकडे माल नव्हता, आणि मी कुणाला घाबरत नाही. जिन्याखाली दोन हात रुंदीची जागा. त्यात ती, तीन उघडी यंत्रं आणि शेंगदाण्याच्या सुपाचा डबा. माझ्याकडे पाहिलं आणि डब्याचं झाकण लावलं.

"साहेब."

"मेमरी हवी. १३३ ची, दीडशेपर्यंत जाणारी."

"कोणत्या बोर्डला?"

"मुलीच्या यंत्राला."

"तुमची मुलगी कॅनडात आहे ना?"

"तिकडेच पाठवायचंय."

तिनं मागच्या खणातून दोन पट्ट्या काढल्या. प्रत्येकीवर बारीक अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली: किती वेगाला, किती तास, खोलीत किती अंश. एवढ्याशा पट्टीवर एवढं पुराण! हिची खोड अजून गेली नाही.

"या दीडशेला जातील," ती म्हणाली. "पट्ट्यांमुळे काही अडणार नाही. आणि साहेब, सध्या थंडी आहे. सध्या सगळंच चालेल."

काय तो टोमणा! पाठ वळेपर्यंत थांबलीसुद्धा नाही. पैसे टेबलावर टाकले आणि निघालो. अशा जिभेची बाई आ-क्वेइला हवी आहे. त्याच्या विभागाची कीव येते.

१४ जानेवारी, रविवार

तिच्या पट्ट्यांवर रस्ता १४६ पर्यंत गेला. पट्ट्या चांगल्या आहेत, नाही म्हणत नाही. चांगली पट्टी ओळखणं म्हणजे काही बोर्ड ओळखणं नव्हे.

१४७ ला हार्ड डिस्क बरळली. याचं कारण मला माहीत आहे. रस्ता वाढवला की बाकीच्या खोबणीही त्याच्याबरोबर ओढल्या जातात, साउंड कार्ड, डिस्क, सगळं. ज्याला तो वेग झेपत नाही ते आधी मान टाकतं. साउंड कार्ड उपटून टाकलं, डिस्क बदलली. जुन्या डिस्कवरचा मेइ-चाओचा माहजोंगचा खेळ मात्र गेला, चार वर्षांच्या गुणांसकट.

"तुझ्या त्या बाईच्या नादात माझे गुण गेले," ती म्हणाली.

"माझी बाई कसली?"

"नऊ दिवस दुसरं नाव नाही तुझ्या तोंडात. जेवताना वेंग, भांडी घासताना वेंग. मी काय बहिरी आहे?"

मी तिचं नाव नऊ दिवसांत फार तर दोनदा घेतलं असेल.

१९ जानेवारी, शुक्रवार

थंडीची लाट. बाल्कनीचं दार नीट लागत नाही, टेबलाजवळ वाफ दिसते तोंडातून. दोन स्वेटर, वर अंगरखा, हातमोज्यांची बोटं कापून बसलो.

१५०! सकाळी नऊला लावला, दुपारी तीन वाजता थांबवला. सहा तास, एकही चूक नाही. आकडेमोडीची चाचणी, मेमरीची चाचणी, दोन्ही स्वच्छ. सहा वर्षांनी. मी उठून टेबलाभोवती एक फेरी मारली, कुणी पाहिलं नाही.

लगेच आ-क्वेइला फोन केला.

"तिचे आकडे खोटे होते. मी बोर्ड पुन्हा चालवला. आज, सहा तास, दीडशेवर. लिहून घे."

तो म्हणाला, "साहेब, नक्की? बाईला दुसरं दार नाही. चाळिशीला आली ती."

"वयाचा आणि आकड्याचा काय संबंध?"

"बरं. महिनाअखेरीला सही होते, तोवर जागा रिकामी ठेवतो. काही बदललं तर कळवा."

काय बदलणार आहे? आलं घातलेलं बदकाचं सूप मागवलं, चांगलं मोठं भांडं. मेइ-चाओ म्हणाली, कुणाचं लग्न आहे? मी म्हणालो, खा गुपचूप.

२१ जानेवारी, रविवार

घरात शत्रू असल्यावर बाहेरचे कशाला हवेत?

बोर्ड परत कपाटावर ठेवण्याआधी एकदा बारा तास चालवावा म्हणून लावला. दहा वाजता मेइ-चाओ हीटर घेऊन आली. गुडघे दुखतात म्हणे. माझ्या टेबलाखाली ठेवून पाय पसरून बसली आणि टीव्ही लावला. पाऊण तासात पडदा निळा.

"तुझ्या हीटरनं वीज ओढली! दाब पडला आणि माझं काम गेलं."

"मग तुझं काम तिकडे ने. माझे गुडघे कुठे नेऊ?"

हीटर बंद केला, अर्धा तास थांबलो, पुन्हा १५०, सुरळीत. म्हणजे दोष हीटरचाच. वाद मिटावा म्हणून लांब वायर आणून हीटर स्वयंपाकघराच्या वेगळ्या लाइनवर जोडून दिला, मीच. पुन्हा पन्नास मिनिटांत निळा. मीटरवर दाब पाहिला तर हललेला नाही. तरी निळा. ती मुद्दाम पायानं प्लग हलवत असणार.

मी तसं म्हटलं. मग ती जी सुटली ती सुटली. शेवटी म्हणाली, "त्या पोरीचं काय वाकडं केलंस तू, म्हाताऱ्या, की सहा वर्षं तुला स्वस्थता नाही?"

"मी काही केलं नाही. कंपनीनं काढलं तिला."

"मी होते त्या वर्षअखेरीच्या मेजवानीत. अख्खी कोंबडी आली तेव्हा तिचं डोकं तुझ्याकडे होतं. तू हातानं ते गोल फिरतं टेबल वळवलंस. डोकं त्या पोरीसमोर आलं तेव्हा थांबवलंस. बारा माणसांच्या चॉपस्टिक हवेत राहिल्या."

वर्षअखेरीच्या जेवणात कोंबडीचं डोकं ज्याच्याकडे, त्याची नोकरी गेली, असला जुनाट समज. हल्ली कुणी पाळतही नाही. टेबल फिरतंच असतं. मला कोबी हवा होता.

२२ जानेवारी, सोमवार

हीटरला हात लावू दिला नाही. मेइ-चाओ पलंगावर रजई घेऊन बसली आहे आणि माझ्याशी बोलत नाही. बोर्ड १५० वर दिवसभर शांत. झालं तर मग.

तरी मनात खुटखुट आहे. वीज नाही तर काय? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हीटरनं दोन गोष्टी बदलतात. एक मी तपासली.

२४ जानेवारी, बुधवार

आज मेइ-चाओला तिच्या बहिणीकडे पाठवलं. फ्रिजमधला तापमापक बोर्डशेजारी ठेवला, दारं लावली, हीटर लावला.

१३ अंशांना: १५०, निर्दोष.
२४ अंशांना: १५०, पन्नास मिनिटांत बंद.
३० अंशांना: १५० ला सुरूच होत नाही. १४५ नाही. १४१ नाही. १३८ ला टिकला.

१३८.

पुलाच्या चिपला बोट लावलं आणि झटकन काढलं, भाजलं. मग टेबलावरचा छोटा पंखा त्या चिपवर धरला. ३० अंशांतच १५० ला सुरू झाला, दोन तास पळाला. पंखा काढला, चार मिनिटांत मेला.

कपाटातून जुनं पुडकं काढलं. तिच्या अहवालाची प्रत माझ्याकडे आहे, का ठेवली होती ते सांगता येणार नाही. एकच पान आहे. 'खोली ३० अंश. १३८ च्या पुढे अस्थिर. पुलाच्या चिपवर लहान पंखा बसवल्यास १५० शक्य. विनंती: पुढच्या मालात पंखा घालावा.' बस. बोर्ड वाईट आहे असंही तिनं लिहिलं नव्हतं. मागितला तो अंगठ्याएवढा पंखा.

त्या वेळी पंखा घालायचा म्हणजे मी जानेवारीत चुकलो असं वर जाऊन सांगावं लागलं असतं. त्या उन्हाळ्यात मलेशियातून आणि दक्षिणेकडून साडेतीन हजार बोर्ड परत आले. मी लिहिलं: ग्राहकांनी चुकीच्या पद्धतीनं वेग वाढवला.

जानेवारीच्या माझ्या पत्रकात खोलीच्या तापमानाचा रकाना कोरा आहे. विसरलो असं आजवर म्हणत आलो. विसरलो नव्हतो. त्या दिवशी तपासणीच्या खोलीत बारा अंश होते, मी आकडा लिहायला पेन टेकवलं, आणि उचललं.

हे वहीत लिहिलं म्हणून काय झालं? वही माझी आहे.

२५ जानेवारी, गुरुवार

आ-क्वेइला फोन करायला हवा. लाइन लागली नसती, गुरुवारी त्यांच्या बैठका असतात.

२७ जानेवारी, शनिवार

फोन केला नाही. मी विचार करतो, की सांगून नेमकं काय साधणार? तिचं आता दुकान बसलं आहे. मालाला नाव आहे, ते पोटसुट्यासुद्धा म्हणाला. शिन-चूला रोजचं जाणं-येणं, वर दहा माणसांचं राजकारण. एकटी बाई आहे, स्वतःची मालकीण आहे, काय वाईट आहे? उलट नोकरीत गेली तर परत कुणाशी तरी भांडेल आणि परत बाहेर. एका अर्थी भलंच होतंय तिचं.

मेइ-चाओ बोलायला लागली आहे. एवढंच म्हणाली, "हीटर लावू का? की अजून युद्ध चालू आहे?" मी लाव म्हणालो. बोर्ड बंद होता.

३१ जानेवारी, बुधवार

आज महिनाअखेर. दुपारी दोनदा फोन उचलला. पहिल्यांदा त्याचा नंबर सापडेना. दुसऱ्यांदा सापडला, तेव्हा खाली भाजीवाल्याची गाडी आली आणि मी रताळ्याची पानं आणायला गेलो. परत आलो तर साडेपाच वाजून गेले होते.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

आ-क्वेइनं स्वतःच फोन केला. उद्या त्याच्या विभागाची चांद्र वर्षअखेरीची मेजवानी आहे आणि जुन्या माणसांना बोलावतो आहे. "साहेब, तुम्ही मुख्य टेबलावर." नाही म्हणता आलं नाही. केस रंगवून घेतले.

३ फेब्रुवारी, शनिवार

हॉल मोठा, आवाज त्याहून मोठा. आ-क्वेइ टेबलाटेबलांवर पेला घेऊन फिरत होता. माझी ओळख करून देताना म्हणाला, "एका वेळी एकच गोष्ट बदला, हे मला यांनी शिकवलं." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी ताटातल्या माशाचे काटे वेचत बसलो.

कोंबडी आली ती आधीच डोकं काढून. काळ बदलला.

तो शेजारी बसला तेव्हा मी बोलून टाकलं. पेला हातात होता, खाली ठेवायचं सुचलं नाही. म्हणालो, "वेंगचे आकडे बरोबर होते. ३० अंशांना १३८. मी तपासलंय. तू तिला घे."

त्यानं मला नीट पाहून घेतलं. "कधी तपासलंत?"

"चोवीसला."

"साहेब, बुधवारी सही झाली. ताइ-चुंगचा एक मुलगा घेतला. सोमवारपासून येतोय." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्हाला एक सांगितलं नव्हतं मी. तुमचा शेरा बघून भरतीवाले फाइल मिटवायलाच निघाले होते. तीच म्हणाली, लाय साहेबांना विचारा. मी म्हटलं, ताई, वेड लागलंय का? त्यांनीच तर तुला काढलं. ती म्हणाली, माणूस खडूस आहे, पण विचारलंत तर उत्तर देण्याआधी बोर्ड पुन्हा लावेल. बघितल्याशिवाय राहणार नाही. आणि एकदा बघितल्यावर कळेल."

मी विचारलं, "मी नाही म्हणालो ते तिला सांगितलंस?"

"सांगावंच लागलं."

"काय म्हणाली?"

"विचारलं, त्या दिवशी तायपेईत किती अंश होते."

पुढची तीन ताटं कसली होती ते आठवत नाही. निघताना आ-क्वेइनं टॅक्सीचं दार उघडून धरलं आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला साहेब म्हणाला नाही. दार लावलं आणि परत हॉलमध्ये गेला.

४ फेब्रुवारी, रविवार

सगळं मेइ-चाओला सांगितलं. वाटलं होतं ती शिव्या देईल. तिनं गुडघ्याला मलम चोळणं थांबवलं आणि म्हणाली, "मग कागदावर लिही. तोंडानं सांगितलेलं तुला उद्या विसरता येतं."

दिवसभर तेच करत बसलो. चार कागद फाडले. पहिल्यात 'गैरसमजातून' असं होतं. दुसऱ्यात 'तत्कालीन परिस्थिती पाहता'. मेइ-चाओनं दुसरा मोठ्यानं वाचून दाखवला, मी तो तिच्या हातातून काढून घेतला. पाचवा राहिला: 'वेंग पेइ-युन यांच्या २००१ च्या अहवालातील आकडे खरे आहेत. खोटे आकडे लिहिल्याचा माझा शेरा चुकीचा आहे. जानेवारी २००१ ची माझी तपासणी थंड खोलीत केलेली होती आणि ते मी पत्रकात नोंदवलं नाही. ही गोष्ट मला २४ जानेवारी २००७ रोजी कळली.' खाली सही, शिक्का.

५ फेब्रुवारी, सोमवार

जिन्याखाली गिऱ्हाईक होतं. तिनं मला पाहिलं आणि त्याच्याशीच बोलत राहिली. मी बाजूला उभा. तो गेल्यावर दुसरा आला. तोही गेला. वीस मिनिटं.

"मेमरी परत घेत नाही," ती म्हणाली.

मी कागद पुढे केला. तिनं हात पुसले आणि वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला, ओळीखाली नख फिरवत, पूर्वी माझी पत्रकं वाचायची तसा. मी बोलायला तोंड उघडलं.

"थांबा. वाचतेय."

थांबलो. जिन्यावरून माणसं वर-खाली करत होती, धूळ खाली पडत होती.

"बुधवारी सही झाली," ती म्हणाली. "एकतीसला. इथे तुम्ही लिहिलंय, चोवीसला कळलं."

"हो."

"सात दिवस तुमच्याकडे फोन नव्हता?"

"होता."

"आजारी होतात?"

"नाही."

तिनं मान हलवली, एखाद्या नादुरुस्त यंत्राचा दोष सापडल्यावर हलवतात तशी. राग चेहऱ्यावर होता आणि तो लपवायचे कष्ट तिनं घेतले नाहीत. मी म्हणालो, आ-क्वेइकडे पुढच्या वर्षी जागा निघाली तर हा कागद उपयोगी पडेल, शिवाय मी स्वतः येऊन सांगेन.

"माझ्यासाठी कुठे येऊ नका," ती म्हणाली. "आई गेली तेव्हा मी तिला बघायला नव्हते साहेब, इथे लोकांचे पंखे पुसत होते, कारण दुसरीकडे कुणी घेत नव्हतं. तुम्ही येऊन काय सांगणार?"

 

तिनं कागद टेबलावर पसरला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे चुकलंय."

"काय?"

"तारीख. चोवीसला तुम्ही मोजलंत. कळलं कधी ते विचारतेय मी."

मी तिच्याकडे पाहिलं. ती पेन माझ्या बाजूला सरकवत होती. मागे एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, पोटाशी उघडं यंत्र धरून, आणि ती त्याला म्हणाली, "दोन मिनिटं, हे साहेब लिहितायत."

मी २४ जानेवारी २००७ वर रेघ मारली. जून २००१ लिहिलं. मग ते वाचलं, त्यावरही रेघ मारली आणि जानेवारी २००१ लिहिलं. दोन्ही खोडलेल्या तारखांशेजारी सही केली, नियमाप्रमाणे.

तिनं पाहिलं. कागद समोरच्या दुकानातल्या झेरॉक्सवर नेला आणि परत आली. हातात दोन पानं. झेरॉक्स माझ्यापुढे टाकली.

"मूळ माझ्याकडे राहील," ती म्हणाली, आणि मागच्या माणसाला विचारलं, "हं, काय होतंय तुमच्या यंत्राला?"